फुंकणी

२३ डिसेंबर २०११, शुक्रवार. दुपारी दोन वाजता मी ओसरीवर दोन सुपं घेऊन बसले. एकात तुरीच्या ओल्या शेंगा, दुसऱ्यात सोललेले दाणे. हरभरा, वाटाणा, वाल अजून पिशवीतच होते. दुसऱ्या दिवशी येळवस. आमच्या औरादकडं ह्या अमावस्येला गावात माणूस राहत नाही. सगळे शेतात जातात, कडब्याच्या कोपीत पाच दगडांचे पांडव पुजतात आणि भज्जी-आंबील खाऊन दिवस मावळताना परततात. भज्जीत जेवढ्या प्रकारच्या शेंगा तेवढी चव, आणि शेंगा सोलायला माणूस लागतं. ह्या घरात ते माणूस मी.

समोर खांबाला टेकून अक्का बसल्या होत्या. अक्का म्हणजे माझ्या घरमालकीणबाई. त्यांना दिसत नाही, पण शेंगा माझ्यापेक्षा भरभर सोलतात. किडकी शेंग बोटाला कळते, ती बाजूला पडते.

"बाई, दिवा काढून ठेवलाव का?" त्यांनी विचारलं.

"शेंगा होऊ द्या."

"शेंगा म्या करते. तुमी दिवा बघा. उद्या ऐन टायमाला धावपळ नको."

त्यांचा मुलगा पुण्याहून संध्याकाळी पोचणार होता. त्यानं मला आधीच फोन केला होता. "मावशी, औंदा अप्पा न्हाईत. आईला गाडीतून थेट कोपीपर्यंत नेतो. तुम्ही जरा समजावा तिला." मी समजावलं नाही, नुसता निरोप दिला. अक्कांनी ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "मी चालत जाणार हाय. आंबील डोक्यावर घिऊन. तुमी तेवढा दिवा लावा म्हंजे झालं."

दिवा मास्तरांच्या खोलीत होता. मास्तर, म्हणजे अक्कांचे यजमान, आषाढात गेले. तेव्हापासून ती खोली कुणी उघडली नव्हती. मला धुळीचा कंटाळा नाही. पण ती खोली झाडायची तर आधी त्यातला कचरा कुठला आणि वस्तू कुठली हे ठरवावं लागतं, आणि ते मला वीस वर्षांत ठरवता आलेलं नव्हतं.

मी तालुक्याच्या दवाखान्यात नर्स म्हणून एक्क्याण्णव साली आले. माझे मिस्टर बिदरला नोकरीला, शनिवारी यायचे. म्हणून मला साध्या, भानगडी नसलेल्या माणसांकडं खोली हवी होती. मास्तर हायस्कुलात विज्ञान शिकवत, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. धोतर, वर खाकी शर्ट, शर्टाच्या खिशात पेनाऐवजी स्क्रू पिळायचा पेचकस. खोली दाखवताना त्यांनी मला पाणी, संडास, लाईट ह्यांतलं काही सांगितलं नाही. "सिस्टर, स्वयंपाकघर उत्तरेला हाय. अंधार पडतो. पण मी बंदोबस्त करतो," म्हणाले.

बंदोबस्त तिसऱ्या दिवशी झाला. सकाळी आठ वाजता मी दूध तापवत होते आणि अचानक माझ्या पातेल्यावर ऊन पडलं. उत्तरेच्या खिडकीतून ऊन. बाहेर जाऊन बघते तर लिंबाच्या फांदीला एक आरसा बांधलेला, आणि मास्तर खाली उभे राहून घड्याळ बघतायत.

"आठ वाजून दोन मिनिटं. दोन मिनिटं लेट झाली," ते म्हणाले. "दूध दिसायलंय का नीट?"

"दूध दिसतंय. मी दिसत नाही. डोळे दिपले माझे."

"कुण्या बाजूनं?"

हा त्यांचा कायमचा प्रश्न. काहीही सांगा, मास्तर विचारणार, कुण्या बाजूनं? पोटात दुखतंय म्हटलं, कुण्या बाजूनं. पाहुणे आले, कुण्या बाजूनं. एकदा पहिला वळीव आला तेव्हा मी ओरडले, "मास्तर, पाऊस आला, वाळवण उचला!" आतून आवाज आला, "कुण्या बाजूनं?" अक्का माझ्याआधी बोलल्या, "वरून!"

त्यांचं म्हणणं असं की उजेड, आवाज, ऊब, काहीही असो, ते आहे हे कळून अर्धंच काम होतं. ते कुठून येतंय हे कळलं तर माणूस तिकडं जाऊ शकतो. निजामाच्या वेळी चौथीपर्यंत उर्दूत शिकलेले, त्यामुळे गुणाकार उर्दूत करायचे, 'बारा पंजे साठ'. कानडी सरकारी कागदांपुरती. अक्कांशी आणि यंत्रांशी मराठी. यंत्रांशी जरा जास्त मऊ.

चौऱ्याण्णवच्या सुमाराला आमच्या गल्लीतल्या आडत्यानं रंगीत टीव्ही आणला. रिमोटवाला, गावातला पहिलाच असावा. गल्लीतली सगळी माणसं बघायला गेली. आम्हीही गेलो. सगळे टीव्हीकडं बघत होते आणि मास्तर रिमोटकडं. थोड्या वेळानं त्यांनी तो मागून घेतला, टीव्हीकडं पाठ केली आणि समोरच्या चुन्याच्या भिंतीवर रोखून बटण दाबलं. मागं चॅनल बदललं.

"भिंतीवरून आला!" मास्तर एवढ्या जोरात ओरडले की आडत्याच्या सुनेच्या मांडीवरचं बाळ रडायला लागलं.

मग काय विचारता. स्टीलच्या ताटावरून चॅनल बदललं. पांढऱ्या उशीवरून बदललं. आडत्याच्या काळ्या कोटावरून बदलेना. मास्तर खूश झाले. "बघा, काळा रंग पिऊन टाकतो!" शेवटी त्यांनी रिमोट आडत्याच्या टकलावर रोखला. बदललं. आडत्या सज्जन माणूस, हसला. त्याची बायको मात्र सीन हुकला म्हणून चिडलेली. "मास्तर, तुमच्या घरी जाऊन करा हे उद्योग!" तिनं रिमोट हातातून ओढून घेतला.

परत येताना ते मला समजावत होते. तांबड्या रंगाच्या अलीकडं एक उजेड असतो, तो आपल्याला दिसत नाही. पण तो साध्या उजेडासारखाच सरळ जातो, आदळतो, परततो. "न दिसता गल्लीभर हिंडायलाय, सिस्टर! आपल्या नाकासमोरून!" अक्का मागून माझा पदर धरून येत होत्या. मला वाटलं चप्पल तुटली असेल.

चप्पल तुटली नव्हती. मी बारा-तेरा वर्षं नर्सिंग केलेली बाई, पण घरातल्या माणसाचं दुखणं मला उशिरा कळलं. अक्का सुईत दोरा एका झटक्यात ओवायच्या आणि उंबऱ्यातल्या मांजरावर पाय द्यायच्या. तांदळातला खडा त्यांना दिसायचा, शेजारी ठेवलेला तांब्या नाही. संध्याकाळनंतर त्या घराबाहेर पडतच नसत. म्हणायच्या कंटाळा येतो. एक दिवस मी सरळ विचारलं, "अक्का, तुम्हाला दिसतं कसं, ते मला नीट सांगा."

त्या चुलीपुढं बसल्या होत्या. हातातली फुंकणी त्यांनी डोळ्याला लावली आणि माझ्याकडं रोखली. "असं. फुंकणीतून बघितल्यावानी. तुमचं तोंड दिसायलंय, कान न्हाई दिसत."

"कधीपासून?"

"लगीन झालं तवा परातीएवढं दिसायचं. मग ताटाएवढं. आता वाटीएवढं."

"मास्तरांना माहीत आहे?"

"त्येंला कशाला? त्येंच्यामागं काय कमी याप हाय का?"

मी त्यांना सोलापूरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं. नसा सुकत चालल्या आहेत, औषध नाही, वाटीएवढं दिसतंय ते पुढं सुईच्या नेढ्याएवढं होईल आणि मग तेही बंद होईल, असं त्यांनी सांगितलं. मी घरी येऊन मास्तरांना जसंच्या तसं सांगितलं, कमी-जास्त न करता. ह्या एका वेळेला त्यांनी 'कुण्या बाजूनं' विचारलं नाही.

त्या दिवसापासून त्यांची यंत्रं बदलली. आधी सगळी गंमत असायची. आता एकच काम. अक्कांनी कुणाचा हात न धरता घरात, अंगणात, शेतात फिरलं पाहिजे. त्यांनी भंगारातून मोडके रिमोट गोळा केले, त्यांतले तांबड्याअलीकडचा उजेड टाकणारे बारके दिवे काढले, आठ-दहा एकत्र बसवले आणि मागं एका जुन्या जीपच्या पुढच्या दिव्याची चकचकीत वाटी लावली, उजेड फाकू नये म्हणून. हा झाला दिवा. तो लावला तरी काही दिसत नसे. दुसऱ्या डबीत तो उजेड ओळखणारा डोळा. डबी हातात धरून फिरवायची. दिव्याकडं तोंड झालं की ती आवाज करायची. चुक चुक चुक चुक.

इथंच पहिली गाडी अडली. हा आवाज हुबेहूब पालीचा. आणि पाल चुकचुकली की अक्का काय करणार? लहानपणापासून जे केलं तेच. हातातलं काम टाकायचं, बोटांनी जमिनीवर टकटक करायची आणि 'कृष्ण कृष्ण' म्हणायचं. डबी वाजली की त्या थांबत, वाकत, टकटक करत. तेवढ्यात हात वळलेला, दिशा गेलेली.

"अगं, पाल न्हाई ती! यंत्र हाय!"

"मला काय ठावं? आवाज तर पालीचाच हाय. खरी असली आन् न्हाई वाजवलं तर?"

"मी आवाज बदलतो."

"ऱ्हाऊ द्या. पालीचा आवाज शुभ असतोय. पर वाजवू द्या मला."

मी मधे बोलले. मी व्यवहाराची बाई. "मास्तर, एक दोरी बांधा ना सरळ. स्वयंपाकघरापासून न्हाणीपर्यंत. हातानं धरून जातील."

मास्तरांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी त्यांच्या तोंडावर दार लावलं. "दोरी ढोराला बांधतेत, सिस्टर," एवढंच म्हणाले.

त्यांचा मुलगा तेव्हा नुकताच पुण्यात कारखान्यात लागला होता. आमच्याकडची सगळी तरणी माणसं त्या काळात पुण्याला नाहीतर हैदराबादला चालली होती, हा त्यांतलाच. वाईट नव्हता. उलट आईची काळजी करणारा. अठ्ठ्याण्णवच्या येळवशीला तो चार दिवस आधी आला तो ठरवूनच. आदल्या वर्षी अक्का शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, घसरल्या होत्या. डोक्यावरची आंबिलीची बिंदगी, मातीची घागर, फुटली आणि मनगट मोडलं. नंतर गॅसवर दोनदा हात भाजला.

"अप्पा, मी आईला घिऊन जातो," तो म्हणाला. "तुम्हीबी चला."

"मी तिथं तिसऱ्या मजल्यावर काय करू?"

"मग आईला तरी पाठवा. मला तिथं झोप लागत न्हाई हो. फोन वाजला की वाटतं, पडली."

अक्का दाराआड होत्या. त्यांनी मला नंतर सांगितलं, "बाई, मला हितला दगड न् दगड ठावा हाय. तिथं भिंतीबी अनोळखी." पण मुलाला त्या नाही म्हणू शकत नव्हत्या, कारण त्याचं म्हणणं खोटं नव्हतं.

मास्तर म्हणाले, "ती आपली आपण हिंडली तर?"

"हिंडली तर ऱ्हाऊ दे," मुलगा म्हणाला. "मला कुठं हौस हाय?"

असा तो सौदा ठरला. अक्का राहणार की जाणार, हे त्या डबीवर आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला अंगणात परीक्षा. दिवा न्हाणीच्या दारावर. अक्का स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात डबी घेऊन उभ्या. त्यांनी डबी फिरवली, चुकचुक सुरू झाली, आणि त्या निघाल्या. ठाम चालत होत्या, मान वर. न्हाणी उजवीकडं राहिली आणि त्या सरळ पूर्वेच्या भिंतीशी गेल्या. तिथं मी येळवशीसाठी चिंच आणि राख लावून लख्ख घासलेली तांब्याची घागर उन्हात पालथी घातली होती. अक्कांनी हात पुढं केला, घागरीवर ठेवला आणि विचारलं, "हीच का न्हाणी?"

कुणी हसलं नाही. हसलं असतं तर बरं झालं असतं. मुलगा हळूच म्हणाला, "अप्पा, बास आता." आणि आईला हाताला धरून आत नेलं. मास्तर अंगणात तसेच. मी घागर उचलली आणि उगाचच आत नेऊन ठेवली.

दुपारी मी चहा घेऊन त्यांच्या खोलीत गेले. ते खाटेवर बसले होते, डबी मांडीवर. "सूर्य, सिस्टर," ते म्हणाले. "सगळ्यात मोठा दिवा. त्येच्यातबी हीच रोशनी हाय, माझ्या दिव्याच्या हजारपट. आन् तुमच्या घागरीवरून ती थेट डबीत. मी सगळं घरात बसून तपासलं. छत्तीस वर्षं पोरांला शिकवलं आन् सूर्य इसरलो."

मला समजूत घालता येत नाही. कामाचं काही असलं तर बोलते. "डबीला चहूबाजूंनी दिसतं, म्हणून गोंधळ होतो ना?"

"व्हय."

"मग अक्कांसारखं करा. अक्कांना फुंकणीतून दिसतं तेवढंच दिसतं. समोरचं. बाकी काही नाही."

त्यांनी चहाची कपबशी खाली ठेवली. "काय म्हणलाव?"

"अक्का म्हणाल्या होत्या मला. फुंकणीतून बघितल्यावानी दिसतं म्हणून. तुम्हाला नाही सांगितलं?"

"मला न्हाई सांगितलं," ते म्हणाले. मांडीवरची डबी बाजूला ठेवत, "मी इचारलंच न्हाई."

मग उठले आणि स्वयंपाकघरात गेले. दोन वर्षांपूर्वी गॅस आला होता, तेव्हापासून फुंकणी फळीवर पडून होती. हातभर लांबीची लोखंडी नळी, आतून काजळीनं काळीभोर. त्यांनी ती उजेडाला धरून एका डोळ्यानं आत बघितलं. खूप वेळ बघत राहिले. मला वाटलं नळी तपासतायत. नंतर लक्षात आलं, ते नळीतून अक्कांकडं बघत होते. त्यांचं तोंड दिसतंय, कान दिसत नाही.

"माझी फुंकणी कामून काढलाव?" अक्कांनी विचारलं.

"काळा रंग पिऊन टाकतो," मास्तर म्हणाले. "आडं-तिडं आलेलं सगळं पिऊन टाकतो. सरळ आलेलं तेवढं पोचतं."

त्यांनी यंत्राचा डोळा फुंकणीला जिथं तोंड लावतात त्या टोकाला बसवला. आता ती आडवी धरली की वरचं ऊन आत येईना, बाजूची चमक येईना. अंगणात अक्कांनी ती फिरवली. घागर मी मुद्दाम पुन्हा उन्हात मांडली होती, फुंकणी घागरीसमोर गप्प बसली आणि न्हाणीसमोर चुकचुकली.

"जन्मभर मी हिच्यात फुंकलं," अक्का म्हणाल्या. "आता ही माझ्या कानात फुंकायलीय."

मुलगा म्हणाला, "अंगणातलं सोडा. शेतात येती का बघू. जिथं पडली तिथंच."

येळवशीला ऐन दुपारी आम्ही शेतात होतो. गाडीवाटेपासून कोपीपर्यंत धुरा साठ-सत्तर पावलं. एका अंगाला हरभरा, दुसऱ्या अंगाला करडई, आणि करडईचे काटे साडीतून आत जातात. कोपीच्या तोंडाशी दांडीला दिवा टांगलेला. पलीकडं अक्का. डोक्यावर नवी बिंदगी, चुना-कावेचे पट्टे ओढलेली, आत आंबील. एक हात बिंदगीला, एका हातात फुंकणी. मास्तरांनी सगळ्यांना ताकीद दिली होती, कुणी बोलायचं नाही, कुणी हाक मारायची नाही. नाहीतर पोरगा म्हणेल आवाजावर आली.

अक्का निघाल्या. चुकचुक आमच्यापर्यंत ऐकू येत नव्हती, पण त्यांचे ओठ हलताना दिसत होते. दोन्ही हात गुंतलेले, टकटक करायला हात नाही, म्हणून प्रत्येक चुकचुकीला नुसतं 'कृष्ण कृष्ण' चाललं होतं. वीस पावलं झाली. तीस झाली. मग जिथं आदल्या वर्षी पडल्या होत्या, धुरा जिथं करडईकडं कलतो, तिथं त्या थांबल्या.

फुंकणी डावीकडं गेली. उजवीकडं गेली. परत मधे आली. ओठ हलत नव्हते. फुंकणी गप्प झाली होती.

मी मास्तरांकडं बघितलं. त्यांचा चेहरा राखेसारखा. तोंड उघडलं होतं, पण शब्द काढत नव्हते, कारण ताकीद त्यांचीच होती. अक्कांचा एक पाय धुऱ्याच्या कडेवर. बिंदगी हलायला लागली होती. आणि तेव्हा मला दिसलं. मुलगा. आई थांबली तशी हा न राहवून दोन पावलं पुढं गेला होता, हात पुढं करून, आणि बरोबर दिव्यासमोर उभा होता. दिसत नाही असा उजेड. अडवला तरी कुणाला कळणार?

मी त्याचा सदरा मागून धरला आणि जोरात ओढलं. बटण तुटलं. तो माझ्या अंगावर आला, आम्ही दोघं हरभऱ्यात.

खालून मला अक्कांचे ओठ दिसले. पुन्हा हलायला लागले होते.

त्या आल्या. कोपीपाशी फुंकणीचं टोक दिव्याच्या वाटीला लागून टण्ण आवाज झाला, तेव्हा थांबल्या. बिंदगी उतरवून कुणाकडं दिली आणि मग खाली बसून जमिनीवर बोटांनी टकटक, टकटक, टकटक करत राहिल्या. वाटेत राहिलेल्या सगळ्या पाली एकदम फेडून टाकल्या.

मास्तर शेजारी उकिडवे बसले. "मधी काय झालतं गं?"

"पाल गप झाली. मला वाटलं तुमी दिवा बंद केलाव."

"मी कामून बंद करीन?"

"म्हनूनच तर थांबले. म्हनलं, लावतील."

मुलानं भज्जी दोनदा मागून घेतली. दुसऱ्या दिवशी तो एकटा पुण्याला गेला. मी त्याच्या सदऱ्याला बटण लावून दिलं होतं.

त्यानंतर अक्का बारा येळवशी त्या धुऱ्यावरून चालल्या. वाटीचं नेढं झालं आणि नेढंही बुजलं. मास्तरांनी फुंकणी दोनदा दुरुस्त केली. एकदा मुलानं नवा फोन आणला, कॅमेऱ्याचा. सहज दिव्यावर रोखला तर फोनच्या पडद्यावर दिव्याचे ठिपके जांभळे उजळलेले. मास्तरांनी फोन दोन्ही हातांत धरला. इतक्या वर्षांत त्यांनी तो उजेड पहिल्यांदा बघितला. धावत आत गेले. "अगं, दिसायलीय! जांभळी हाय!"

अक्का भाकरी थापत होत्या. "तुमाला आज दिसली व्हय? मला आठ वर्षं झाली ऐकू यायलीय."

एक गोष्ट मी त्यांच्या हयातीत कुणाला सांगितली नाही. अंगणातल्या परीक्षेच्या आधी दवाखान्यात एक बाळंतपण अडलं होतं. दिवसाढवळ्या, पण लाईट गेलेली आणि खोलीला ऊन नाही. टाके घालायचे होते. मी मास्तरांना निरोप धाडला. ते कपाटाचा आरसा उपसून घेऊन आले, रस्त्यात उन्हात उभे राहिले आणि खिडकीतून ऊन आत फेकलं. पण आत बाई माणूस. म्हणून त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले. आरसा हलला की ओरडायचे, "कुण्या बाजूनं?" मी आतून सांगायची, "डावीकडं. अजून. बास." अर्धा तास उन्हात, डोळे मिटून, माझ्या शब्दावर. टाके झाल्यावर मी बाहेर येऊन म्हटलं, उघडा. तर म्हणाले, "सिस्टर, घरी हिला रोज असंच वाटत असंल न्हाई?"

शेंगा संपल्या तेव्हा चार वाजले होते. मी मास्तरांची खोली उघडली. दिवा पत्र्याच्या पेटीत, अक्कांच्या जुन्या साडीत गुंडाळलेला. वाटीला चिठ्ठी चिकटवलेली, त्यांच्या फळ्यावरच्या अक्षरात. 'सेल दर येळवशीला नवे घालणे. वाटी मऊ फडक्याने पुसणे. राखेने घासू नये. सिस्टरनी विशेष ध्यान द्यावे.'

मी खोली झाडली नाही. फक्त चिठ्ठी काढून पोथीत ठेवली, दिवा बाहेर आणला आणि मुलगा आला तेव्हा त्याला सेल आणायला पाठवलं.

सकाळी मी साडेपाचला उठले, भज्जी केली, बाजरीचे उंडे वळले. आंबील अक्कांनी रात्रीच घुसळून ठेवली होती. बाकीच्यांच्या आधी मी ऑटोनं शेतात गेले. दिवा कोपीच्या दांडीला टांगला, वाटी मऊ फडक्यानं पुसली, बटण दाबलं. लागला की नाही कळेना, म्हणून फोन काढून बघितलं. जांभळे ठिपके. एक ठिपका विझलेला होता, नऊ पुरेत.

ऊन चढल्यावर गाडी वाटेवर येऊन थांबली. मुलगा आधी उतरून धुऱ्यावरून माझ्याजवळ आला. त्याचेही केस आता पिकायला लागलेत. "मावशी, लागला का?"

"लागलाय."

पलीकडं अक्का उतरल्या. सुनेनं डोक्यावर बिंदगी दिली. त्यांनी फुंकणी आडवी धरली आणि हळूहळू फिरवायला लागल्या, डावीकडून उजवीकडं, शोधत.

मुलानं सदऱ्याचं बटण चाचपलं आणि दोन पावलं मागं सरला. मी दिव्यासमोर उभी होते. बाजूला झाले.